सितानच्या धड्यांतला हुंकार

सितानला जाऊन नऊ महिने झाले होते आणि त्या सकाळी ती हावाच्या अंगणात चीनमधल्या कागदाबद्दल बोलत होती. मी रंगवलेलं कापड आणायला गेलो होतो. हावा रंगारीण आहे. तिच्या अंगणात छपराखाली चार पुरुष समोरासमोर बसून लाकडी मोगऱ्यांनी कापड कुटत असतात, चमक यावी म्हणून. धप धप, धप धप. त्या ठोक्यांच्या मधून माझ्या बायकोचा आवाज आला, "झाडाची साल, जुन्या चिंध्या, कोळ्यांची फाटकी जाळी. या सगळ्याचा त्यांनी लगदा केला." मी दारातच थांबलो. आवाज हावाच्या फोनमधून येत होता आणि फोन निळीच्या पिंपावर पालथ्या ताटलीवर ठेवला होता. यात भुताखेताचं काही नव्हतं. सितान शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिनं, ज्या बायकांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी जगाच्या इतिहासाचे धडे आमच्या बांबारा भाषेत बोलून रेकॉर्ड केले. ते बाजारात मेमरी कार्डावर मिळतात, रंगारणी आणि मासे वाळवणाऱ्या बायका काम करता करता ऐकतात, हे मला माहीत होतं. मी मात्र एकही धडा कधी ऐकला नव्हता. तेव्हा नुसता तिचा आवाज असता, तर तो मी सोसला असता. लगदा केला, असं ती म्हणाली, आणि तिच्या अगदी शेजारून एक पुरुष म्हणाला, "नाआमू."

आमच्याकडे जुन्या राजांची कथा सांगणारा कधी एकटा बोलत नाही. त्याच्या शेजारी एक जण बसतो आणि प्रत्येक वाक्यानंतर नाआमू म्हणतो. म्हणजे हं, ऐकतोय, पुढे सांग. हा हुंकार देणारा नसला तर सांगणारा तोंड उघडत नाही, कारण हुंकाराशिवाय बोलतो तो वेडा. पण हुंकार देणारा शेजारी बसावा लागतो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. त्याला सांगणाऱ्याचा श्वास ओळखता यावा लागतो, वाक्य कुठे संपणार ते आधी कळावं लागतं. माझी बायको या माणसाच्या इतक्या जवळ बसून कागदाबद्दल बोलत होती आणि तो कोण हे मला माहीत नव्हतं. "ब्रेमाभाऊ, दार अडवून का उभा?" हावा म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत निळे. "आत ये. तुझी बाई आता संपवतेच आहे." मी विचारलं, "हा कोण?" "कोण कोण?" "हा, नाआमू म्हणणारा." हावानं खांदे उडवले. "मला काय ठाऊक. चांगला माणूस आहे बाबा. कंटाळत नाही. माझा नवरा दुसऱ्या वाक्याला घोरायला लागतो." कुटणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "त्याच्याबरोबर आम्ही पण म्हणतो, हात चुकत नाहीत." हावा म्हणाली, "पहिल्या तीन धड्यांत तो नाहीये. ते तीन कुणी ऐकत नाही. त्यात मास्तरीणबाई विमानतळावरच्या बाईसारख्या बोलतात, कुणाशी बोलतायत तेच कळत नाही. हा आला आणि बाई माणसात आल्या." हे ती चांगल्या मनानं म्हणाली. मी कापड उचललं आणि न मोजता, न उलगडता घरी आलो. कापड उजेडात धरून बघितल्याशिवाय मी आजवर घेतलेलं नाही.

मी चाळीस वर्षं शिंपी आहे. आमच्या धंद्यात माणूस संशयी होतो. गिऱ्हाईक म्हणतं कापड कोरं आहे, आपण उजेडात धरतो, आणि जिथे दिसू नये तिथे जुन्या शिवणीची भोकं दिसतात. एकदा भोक दिसलं की दुसरं काही दिसत नाही. घरी आल्यावर मला वासाचं बोलणं आठवलं. वासा म्हणजे सितानची धाकटी बहीण. चाळिसाव्या दिवशी दुआ झाली, लोक जेवले, पातेली घासायला गेली, आणि वासा पाण्याची किटली हातात घेऊन अंगणात उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन तेच बोललो जे तेव्हा सगळ्यांशी बोलत होतो, की डॉक्टर म्हणाले सहा महिने आधी आली असती तर काही करता आलं असतं, आणि तिनं कुणालाच कसं सांगितलं नाही. वासानं माझ्याकडे न बघता किटलीकडे बघितलं. म्हणाली, "तिनं ज्याला सांगायचं त्याला वेळेवर सांगितलं होतं." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून मी वासाशी बोललो नाही, तिनं निरोप पाठवले तरी गेलो नाही. पण त्या वाक्याचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं. ज्याला सांगायचं तो कुणीतरी होता. त्याला आवाज होता. तो तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत होता, तिनं आपलं दुखणं त्याला सांगितलं, आणि मला सांगितलं नाही. मनात पाल चुकचुकते म्हणतात. माझ्या मनातली पाल नऊ महिने गप्प बसली होती. आता ती थांबेना.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून कार्ड आणलं आणि दुकानात, म्हणजे घराच्या रस्त्याकडच्या खोलीत, मशीनवर बसून ऐकायला लागलो. मशीन चालू ठेवून ऐकता येईना, म्हणून मशीन बंद केलं. गिऱ्हाइकं आली की मी फोन मांडीखाली सरकवायचो, जसं काही वाईट बघत होतो. सव्वीस धडे होते. चौथ्यापासून तो होता. मी धडे ऐकत नव्हतो, त्याला ऐकत होतो. सितान म्हणाली की शेती बहुधा बायकांनी सुरू केली असावी, कारण दाणे वेचायला त्याच जायच्या, नाआमू. मातीच्या विटांवर काडीनं खुणा करून लिहायला सुरुवात झाली, नाआमू. शाळेत गोऱ्यांच्या पुस्तकातून मला शिकवलं की तुमचे पूर्वज गॉल होते, निळ्या डोळ्यांचे, आणि मी घरी येऊन माझ्या आजीचे डोळे बघितले, नाआमू. इथे ती हसली होती. तो हसला नव्हता. हे मला फार लागलं. ती त्याच्यासमोर हसू शकत होती आणि तो इतका मुरलेला की त्याला हसायची गरज नव्हती. माझ्याशी ती असं बोललीच नव्हती, आजीच्या डोळ्यांचं मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल. संध्याकाळी ती मशीनच्या शेजारी स्टुलावर बसायची, फोन मांडीवर, आणि काहीतरी बोलत असायची. मला वाटायचं ती फोनवर सेगू गावी असलेल्या न्येलेशी बोलते. न्येले आमची मुलगी, एकुलती. मी कधी मान वर केली नाही, कारण मान वर केली की टाके वाकडे जातात.

सहाव्या-सातव्या धड्याला मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे तो माणूस फार थंड होता. कशालाही तेच नाआमू, त्याच सुरात, जरा नाकातून, जरा थकलेलं. राजे मेले, शहरं बुडाली, त्याचा सूर हलत नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक हुंकारानंतर, अगदी बारीक, एक टक असा आवाज यायचा. फोन कानाला लावला तरच ऐकू येईल असा. पोलादावर पोलाद बसल्यासारखा. मी तो आवाज पन्नास वेळा ऐकला आणि मग एकदम कळलं. लायटर. तो सिगरेट ओढणारा होता. ती बोलते, तो हं म्हणतो, आणि हातातल्या लायटरचं झाकण बंद करतो. सितानला सिगरेटच्या धुराचा त्रास व्हायचा, माझा मेहुणा आला की ती खिडक्या उघडायची, आणि इथे ती त्याच्या लायटरशेजारी बसून तासनतास बोलत होती. लायटर खेळवणारा माणूस मला एकच माहीत होता. फिलिफिन कान्ते. सितानच्याच शाळेत तो गणित शिकवायचा, एकटा राहणारा, सडपातळ, वयाच्या मानानं केस काळे. दफनाला तो आला होता, कोपऱ्यात उभा होता, आणि जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला होता की आमच्या शाळेत बोलणारं एवढंच एक माणूस होतं. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

त्या दिवसांत मी काम करत होतो की नाही ते आठवत नाही. एका बुबूचा, म्हणजे आमच्या घोळदार झग्याचा, गळा मी दोनदा कापला आणि कापड वाया गेलं. नवव्या धड्यात मोठ्या साथीचं होतं. सितान सांगत होती की जहाजांतून रोग आला, गावंच्या गावं ओस पडली, आणि का मरतोय हे लोकांना कळेना, म्हणून ते शेजाऱ्यांकडे बघू लागले. कुणी म्हणालं शेजाऱ्यांनी विहिरीत विष टाकलं, आणि लोकांनी त्यांना जाळलं. "मरणाचं कारण कळलं नाही," सितान म्हणाली, "की माणूस जवळचा दोषी शोधतो." नाआमू, टक. मी तो धडा तीन वेळा ऐकला, पण त्या लायटरसाठी. मला दवाखान्यातली दुपार आठवली. सितान भिंतीकडच्या खाटेवर, डोळे पिवळे झालेले. मी तिला विचारलं होतं की मला का नाही सांगितलंस. तिनं माझ्याकडे खूप वेळ बघितलं. तिचं ते बघणं मी कितीदा उलगडून उजेडात धरलं असेल. मग ती म्हणाली, "राहू दे आता ते." आणि माझा हात थोपटला, जसा आपण लहान मुलाचा थोपटतो. तेव्हा मला वाटलं ती थकली आहे. आता वाटायला लागलं की ती लपवत होती, माझी दया येऊन लपवत होती, आणि दया येणं हे जास्त वाईट.

मी कान्तेला निरोप पाठवला की सितानच्या आठवणीसाठी तिच्या शाळेतल्या एका जोडीदाराला बुबू शिवून द्यायचा आहे, मापाला ये. हे खोटं होतं. तो लगेच आला, धुतलेली टोपी घालून. दारात त्यानं सिगरेट पेटवली आणि मी कान लावले. त्याच्या लायटरचे दोन आवाज होते. आधी चाकाची खरखर, मग टक. कार्डावर नुसतं टक होतं. पण खरखर कुणी पुसून टाकली असेल, आजकाल सगळं पुसता येतं. त्यानं सिगरेट बाहेर विझवली, आत आला, हात पसरून उभा राहिला. मी मापं घेताना त्याला आमच्या गावची एक गोष्ट सांगायला लागलो. माझे आजोबा दुष्काळात नदी ओलांडून गेले, म्हणालो, आणि थांबलो. तो गप्प. नदीला पाणी गुडघाभर होतं, म्हणालो, आणि थांबलो. तो छताकडे बघत होता. पलीकडे एक बैल उभा होता. "ब्रेमा," तो म्हणाला, "तू असा मध्ये मध्ये का थांबतोस? छातीत दुखतंय का? तसं असेल तर दाखव कुणाला, पुन्हा उशीर नको." पुन्हा उशीर. मी टेप त्याच्या गळ्याभोवती घातली. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढल्या. "तिच्या धड्यांत तू आहेस," मी म्हणालो. "नाआमू म्हणणारा. तिनं दुखण्याचं तुला सांगितलं होतं."

तो हलला नाही. आरशातून त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "टेप जरा सैल सोड, मग बोलतो." मी सोडली. त्यानं गळा चोळला. "तिनं मला विचारलं होतं हे खरं. पहिले तीन धडे बायकांना आवडले नाहीत म्हणून ती आली होती. कान्ते, म्हणाली, शेजारी बसून हं म्हणशील का. मी म्हटलं, सितान, तीस वर्षं मी फळ्यापाशी बोललो आणि पोरं हो म्हणाली. आता या वयात मी दुसऱ्याच्या वाक्याला मान हलवू? तर हसायला लागली. म्हणाली, जमणार नाही तुला, तुला ऐकायची सवय नाही. जाऊ दे, माझ्याकडे एक आहे." मी विचारलं, "एक कोण?" "मी नाही विचारलं. ती म्हणाली, एकच आहे, पण पुरवून वापरीन." हे वाक्य सांगताना कान्ते स्वतःच गोंधळल्यासारखा झाला. "आणि दुखण्याचं मला दफनाच्या दिवशी कळलं. तुझ्यानंतर." मी त्याच्या मापांचा कागद हातात धरून उभा होतो. तो दारापर्यंत गेला आणि वळला. "रेकॉर्डिंग ज्यांगिना द्यारा करायचा, सोगोनिकोच्या मोटारतळामागे. त्याला विचार. आणि ब्रेमा, बुबू मिळणार ना तरी?" मी म्हणालो, "मिळेल." "निळा शिव. काळ्यात मी काडीसारखा दिसतो."

एकच आहे, पण पुरवून वापरीन. हे मी रस्ताभर घोळवत होतो. माझ्यासाठी ती असं कधी म्हणाली असेल असं मला वाटेना. मला तर तिनं आधी विचारलं होतं, ते ज्यांगिनाकडे जायच्या गाडीत बसल्यावर आठवलं, गर्दीत कुणाचं तरी बोचकं मांडीवर घेऊन. तबास्कीचे दिवस होते. बकरी ईदला आम्ही तबास्की म्हणतो, आणि त्या आधीचे दोन महिने शिंप्याला मरायलाही सवड नसते, सगळ्या शहराला नवे कपडे त्याच दिवशी हवे असतात. सितान म्हणाली होती, "अहो, न्येलेचे बाबा, मला एक शेजारी बसणारा पाहिजे. आठवड्यातून दोन दुपारी." मी म्हणालो, "बोकडाला ने. तो पण हं म्हणतो." ती हसली होती. मीही हसलो होतो. चांगला विनोद झाला असं मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी मी तो गिऱ्हाइकांनाही सांगितला. मग ती जाऊन कुणाला तरी घेऊन आली, आणि का आणू नये. पण तिनं आणलेला माणूस मला बघायचा होता. त्याच्यासमोर उभं राहून विचारायचं होतं की ती तुला म्हणाली मला दुखतंय, तेव्हा तू काय म्हणालास. तेच म्हणालास का, त्याच नाकातल्या सुरात. म्हणाला असशील तर तू माणूस नाहीस.

ज्यांगिनाचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले. तो जाडा, पन्नाशीचा, पंख्यासमोर बसून भुईमूग खात होता. तो द्यारा, मी त्राओरे, आणि या दोन आडनावांत जुनं चेष्टेचं नातं, भेटलं की शिव्या द्यायच्या, नाही दिल्या तर तो अपमान. मी नाव सांगताच तो म्हणाला, "त्राओरे. म्हणजे माझा गुलाम. मालकाकडे यायला नऊ महिने लागतात का रे, चवळी खाणाऱ्या?" "द्याराच्या घरी चवळीसुद्धा उसनी असते," एवढं कसंबसं म्हणालो. तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "मी बाईंच्या बहिणीकडे तीनदा निरोप दिला तुझ्यासाठी. शेवटचा धडा अडकलाय. सत्ताविसावा." मी म्हणालो, "ते नंतर. तो नाआमू म्हणणारा कोण, ते सांग." ज्यांगिनाच्या हातातला भुईमूग तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पंखा बंद केला. "कोण म्हणजे?" तो म्हणाला. मी म्हणालो, "त्याचं नाव." "ब्रेमा त्राओरे," तो म्हणाला.

मला वाटलं तो अजून चेष्टा करतोय. मी तसं म्हणालोही. तो म्हणाला, "इथे गाणाऱ्या बायका येतात, स्वतःचं गाणं ऐकून म्हणतात ही कोण भसाडी, हिला हाकला. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, माणूस तो आतून ऐकत असतो. बाईंनी तो घरून आणला, फोनवर. एकच हुंकार. मी म्हटलं, बाई, एकानं कसं होईल, अजून दहा-बारा आणा, वेगवेगळे. म्हणाल्या, इतर सगळ्यांत मशीनचा आवाज आहे, मशीन थांबलेलं असताना म्हटलेला एवढाच आहे. मग मी तोच कापला आणि सगळीकडे चिकटवला. त्याच्यामागे एक टक होतं, ते काढायला निघालो तर बाई म्हणाल्या, राहू दे, ते पण त्यांचंच आहे." तो संगणकाजवळ गेला आणि काहीतरी शोधायला लागला. मग थांबला. "पूर्ण ऐकायचं आहे का?" त्यानं विचारलं. तो असं विचारतोय म्हणजे त्यानं ऐकलेलं आहे, हे माझ्या लक्षात आलं. मी हो म्हणालो. त्यानं माझ्या कानांवर हेडफोनचे जाड गोल चढवले, एक बटण दाबलं आणि म्हणाला, "मी बाहेर चहा ठेवतो."

आधी माझं मशीन ऐकू आलं. ते मी हजार मशीनांत ओळखीन, त्याचा पट्टा दर फेरीला एकदा कुरकुरतो. मशीनवरून सितान बोलत होती, दाण्यांबद्दल, पहिल्या शेताबद्दल, तोच चौथा धडा, पण अडखळत, सराव करत असल्यासारखा. मधेच ती म्हणाली, "अहो, ऐकताय ना?" मशीन चालूच. त्या आवाजात बुडालेलं माझं काहीतरी, हं सारखं. ती पुढे सांगू लागली. ज्यांनी दाणे पेरले त्यांना थांबावं लागलं, पीक येईपर्यंत कुठे जाता येईना. आणि मग मशीन थांबलं. खोलीत एकदम शांत झालं. रस्त्यावरून एक गाढवगाडी गेली. सितान बोलायची थांबली होती. मग ती म्हणाली, धडा सांगायच्याच आवाजात, पण हळू, "आणि अजून एक सांगायचं होतं. रमजानपासून मला इथे, उजवीकडे बरगडीखाली दुखतंय. जेवले की जास्त. आता दवाखान्यात जाऊ, की तबास्की होऊ दे? तुमची गर्दी आहे." जरा वेळ काही नाही. मग नाकातून, थकलेला, दुसऱ्या कुणाचा तरी वाटणारा आवाज म्हणाला, "नाआमू." आणि टक.

तो लायटर नव्हता. बॉबिनची डबी होती. खालचा दोरा संपला की मशीन थांबवायचं, खाली वाकायचं, डबी काढायची, भरलेली बॉबिन घालायची आणि डबी परत आत ढकलायची. ती बसली की टक होतं. हा आवाज मी चाळीस वर्षं दिवसातून वीस वेळा करतोय, आणि सव्वीस धड्यांत तो मला परक्याच्या हातात ऐकू आला. मी मशीन तिच्यासाठी थांबवलं नव्हतं. दोरा संपला होता. मी मशीनखाली वाकलेलो होतो, मला काही ऐकू आलेलं नव्हतं, माणसं बोलायची थांबली की मी नाआमू म्हणतो म्हणून म्हणालो होतो. आणि ती? मशीन पुन्हा सुरू व्हायच्या आधी ती म्हणाली, "बरं." तिचा आवाज हलका झाला होता, पिशवी खाली ठेवल्यावर होतो तसा. "मशीन थांबवून ऐकलंत. मग होऊ दे तबास्की, एवढी घाई नसेल." मग पट्टा कुरकुरला आणि ती पुन्हा दाण्यांकडे वळली. वासाला तिनं हेच सांगितलं असणार. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, त्यांनी मशीन थांबवून ऐकलं. आणि दवाखान्यात माझ्याकडे इतका वेळ बघताना तिला कळलं की मी ऐकलंच नव्हतं, मग तिनं माझा हात थोपटला.

ज्यांगिना चहाचे दोन छोटे पेले घेऊन आत आला. एक माझ्यासमोर ठेवला. आम्ही शिव्या दिल्या नाहीत. पेला रिकामा झाल्यावर तो म्हणाला, "सत्ताविसावा बाईंनी दवाखान्यात जायच्या आधीच्या आठवड्यात बोलून ठेवला. हुंकारासाठी जागा सोडल्यात. मी जुनाच चिकटवणार होतो, तर म्हणाल्या, यात तो नको. यात मी त्यांना स्वतः घेऊन येते, बघते कसे येत नाहीत. मग त्या आल्याच नाहीत." त्यानं पेले बाजूला केले. "नको असेल तर राहू दे. मी जुना टाकतो, पाच मिनिटांचं काम. बायका वाट बघतायत, रोज कुणी ना कुणी विचारायला येतं." मी म्हणालो, "तो टाकू नकोस. तो कुठेच टाकू नकोस." "सव्वीस धडे बाजारात गेलेत, त्राओरे, ते मी कुठून परत आणू?" त्यानं माझ्यासमोर माइक ओढला, त्याची उंची कमी केली, आणि माझ्या शेजारी एक रिकामं स्टूल होतं ते जरा लांब सरकवलं. मी ते परत जवळ घेतलं. माझ्या गुडघ्याला लागेल इतकं. त्यानं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. "वाक्य संपलं की म्हणायचं," तो म्हणाला. "जास्त विचार करायचा नाही. म्हणून मोकळं व्हायचं."

सितान बोलायला लागली. आवाज बारीक झाला होता, पण मास्तरीणबाईंचा होता. ती म्हणाली, सगळ्यात आधीची गोष्ट मी सगळ्यात शेवटी सांगते. आपल्याच खंडात, पूर्वेला, एका डोंगरातून राख उडाली. राखेवर पाऊस पडला, आणि त्या ओल्या राखेवरून दोघं-तिघं चालत गेले. छत्तीस लाख वर्षांपूर्वी. त्यांना धड माणूसही म्हणता येत नव्हतं. पण ते दोन पायांवर, शेजारी शेजारी चालत होते, आणि त्यांची पावलं राखेत तशीच राहिली. ज्यांनी ती पावलं बघितली त्यातले काही जण म्हणतात की चालता चालता एक जण मध्येच थांबलं, डावीकडे वळून बघितलं, आणि मग पुन्हा चालायला लागलं. का थांबलं असेल, सितान म्हणाली, मागून कुणी हाक मारली होती का, काही दुखत होतं का, ते राखेवरून सांगता येत नाही.

आणि ती थांबली. तिच्या श्वासाचा आवाज आला. ती वाट बघत होती.

ज्यांगिनानं हातानं खूण केली. पुन्हा केली. मग बटण दाबून त्यानं धडा थांबवला. "अरे, बोल की. जागा गेली."

"थांब," मी म्हणालो. "मागे घे. ती काय म्हणाली ते ऐकत होतो."